टाचणीबाई आणि आईचा कान

टाचणीबाईंचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते सांगून उपयोग नाही. त्या नावानं हाक मारली तर त्या स्वतःच मागे वळून पाहणार नाहीत. आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायला लागून त्यांना एकोणीस वर्षं झाली आणि या एकोणीस वर्षांत मी त्यांचे ओठ टाचण्यांशिवाय फार थोड्या वेळा पाहिलेत. चार-पाच टाचण्या ओठांच्या कोपऱ्यात धरायच्या, दोन्ही हातांनी कापड चाचपायचं आणि लागेल तशी एकेक टाचणी काढून टोचायची. बोलायची वेळ आली की हुंकार. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि लांबलचक सुस्कारा म्हणजे राजाचं पोट पुन्हा वाढलं. मी कंपनीचा पेटीवाला, त्यांच्याही आधीपासूनचा. माझा स्वभाव तिरसट आहे असं सगळे म्हणतात, आणि तिरसट माणसाला कमी बोलणारं माणूस बरं वाटतं. म्हणून आमचं जमलं.

त्यांची खोली रंगमंचामागच्या जिन्याखाली होती. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून आत शिरणारा प्रत्येक माणूस, मग तो राजा असो की कोल्हा, मान खाली घालूनच शिरायचा. आत दोन इस्त्र्या, एक पायमशीन, खडूनं नावं घातलेले बूट आणि तारेवर ओळीनं टांगलेले कपडे. मध्यंतरात मी चहा घेऊन तिथे बसायचो आणि जगाला नावं ठेवायचो. बाई बटणं लावता लावता ऐकायच्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तरुण दिग्दर्शकाला साक्षात्कार झाला की लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींची तात्पर्यं खोटी आहेत. झालं, त्यानं अकरा गाण्यांचं संगीत नाटक बसवायला घेतलं. रंगमंचावर एक सरकारी खिडकी, खिडकीवर पाटी 'तात्पर्य दुरुस्ती कार्यालय', आणि आत एक पेंगुळलेला कारकून. आधी जुनी गोष्ट जशीच्या तशी करून दाखवायची. मग त्या गोष्टीतलं पात्र अर्ज घेऊन खिडकीवर यायचं आणि गाऊन तक्रार करायचं. लांडगा आला म्हणून खोटं ओरडणारा पोरगा विचारायचा की एवढ्याशा पोराला एकट्याला रानात धाडलं कुणी, ते आधी लिहा. शर्यत जिंकलेलं कासव म्हणायचं की त्या दिवसापासून घरचे मला रोज पळायला लावतात, माझं नाव गोष्टीतून काढा. सावत्र आई म्हणायची की माझी बाजू कुणी विचारलीच नाही. कारकून नियम गायचा, शिक्का मारायचा आणि सगळे मिळून नवं तात्पर्य म्हणायचे. लोकांना हे भारी आवडलं. मला विचाराल तर खोटं ओरडू नये हे मला आजही पटतं. पण पेटीवाल्याला कुणी तात्पर्य विचारत नाही, पट्टी विचारतात.

शेवटून दुसरी गोष्ट होती चोराच्या आईची. तुम्हीही ती ऐकली असेल. पोरगा शाळेतून दुसऱ्याची पेन्सिल चोरून आणतो, आई त्याला काही बोलत नाही. पोरगा मोठा होतो, चोऱ्याही मोठ्या होतात, शेवटी फाशीची शिक्षा होते. फासाजवळ उभा राहून तो म्हणतो, आईच्या कानात एक शब्द सांगायचाय. आई जवळ येते आणि तो तिचा कानच तोडतो. म्हणतो, त्या पेन्सिलीच्या दिवशी तू माझा कान धरला असतास तर आज ही वेळ आली नसती.

तो कान टाचणीबाईंनी केला होता. आत स्पंज, वर कातडीच्या रंगाचं ताणलं जाणारं कापड, मागे लाल लोकरीचे धागे, आणि टोपाला अडकवायला दोन टिचबटणं. नटानं दातात धरून ओढलं की टिच टिच होऊन कान निघायचा, धागे लोंबायचे आणि अख्खं सभागृह श्वास रोखायचं. बाईंनी असे दोन कान केले होते. प्रयोग झाला की वापरलेला कान जंतुनाशकाच्या पाण्यात धुऊन साबणाच्या डबीत ठेवायच्या. आईचं काम करणाऱ्या नटीला तो कान लावायला विंगेत चाळीस सेकंद मिळायचे. बाईंना तीस पुरायचे.

आणि मग त्या आईचं गाणं. हातात फडक्यात गुंडाळलेला कान घेऊन ती खिडकीवर यायची आणि खालच्या सुरात सुरू करायची:

दप्तरात काय दडलं, मला कसं कळावं?
चोर केला साऱ्या गावानं, मीच का जळावं?

पुढे शाळा यायची, गल्ली यायची, मित्र यायचे, चोरीचा माल घेणारा दुकानदार यायचा. कारकून बराच वेळ वही चाळायचा आणि मग कधी नव्हे तो उभा राहून शिक्का मारायचा. चाल संथ होती. भाता हळूहळू, न थांबता ओढावा लागायचा आणि साडेतीन मिनिटांत माझा खांदा भरून यायचा.

तालमीत हे गाणं पहिल्यांदा झालं त्या दिवशी बाईंच्या हातून राजपुत्राचा कोट जळला. तोवरच्या सतरा वर्षांत त्यांच्या इस्त्रीखाली एक रुमाल जळला नव्हता. मी चेष्टा करायला आत गेलो तर त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचून ठेवल्या होत्या. हे काही ठीक लक्षण नव्हे, असं माझ्या मनात आलं.

बाई म्हणाल्या, "मास्तर, माझा मुलगा साडेतीन वर्षं आत होता."

मुलगा आहे एवढं मला माहीत होतं. परगावी असतो असं त्या सांगत. त्या दिवशी कळलं की तो याच शहरात राहतो. सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत कामाला असताना पार्सलं फोडून वस्तू काढताना सापडला होता. शिक्षा झाली तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात तो आईला म्हणाला होता, लहानपणी एक मुस्काटात मारली असतीस तर. बस, एवढंच. त्यानंतर त्यानं आईशी एक शब्द काढला नव्हता. सुटून अकरा महिने झाले होते, तरी त्याची खबर बाईंना स्वतःच्या धाकट्या बहिणीकडून कळायची. ही कानाची गोष्टही त्यांना त्यांच्याच नात्यातल्या कुणीतरी भर पंगतीत ऐकवली होती, नाव न घेता. लोकांची जीभ कुठे वळेल सांगता येत नाही.

बाईंचं म्हणणं एवढंच होतं की हे गाणं त्यानं एकदा ऐकावं. "मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. या गाण्यात सगळं आलंय. त्याला एक पास द्याल?"

मी दिला. एक नाही, तीन दिले, तीन प्रयोगांचे. सहावी रांग, कडेची खुर्ची, म्हणजे मला पेटीवरून दिसेल. तिन्ही वेळा ती खुर्ची रिकामी राहिली. गाणं सुरू झालं की बाई विंगेतून त्या खुर्चीकडे बघत उभ्या राहायच्या. फक्त पहिल्या ओळीला, का कोण जाणे, त्या खाली वाकून जमिनीवर पडलेली टाचणी शोधायच्या.

मग नाट्यगृहवाल्यांची कटकट सुरू झाली. आमचा चारचा प्रयोग सातला दहा मिनिटं कमी असताना संपायला हवा होता, कारण सातला दुसऱ्या कुणाचा तरी कार्यक्रम. आम्ही रोज पाच-सहा मिनिटं वर जायचो आणि व्यवस्थापक विंगेत घड्याळ दाखवत उभा. दिग्दर्शकानं मला विचारलं, "मास्तर, एक गाणं काढायचं झालं तर कुठलं काढू?"

मी म्हणालो, आईचं.

का म्हणालो ते सांगतो, लपवून काय करू. त्या गाण्याला टाळी नव्हती, लोक नुसते गप्प बसायचे. माझा खांदा दुखायचा. आणि बाईंचा मुलगा काही येत नव्हता. बाईंची आठवण झाली नाही असं नाही. झाली, आणि मी ती बाजूला सारली. तीन वेळा नाही आला, चौथ्यांदा काय येणार, असा हिशेब केला. दिग्दर्शकाला हायसं वाटलं. कान तोडल्यावर टाळ्या पडतातच, तिथेच ती गोष्ट संपवू, असं तो म्हणाला. म्हणजे बाकी सगळ्यांची तात्पर्यं दुरुस्त झाली आणि आईचं तेवढं जुनंच राहिलं. त्यानं हे मुद्दाम केलं नाही. त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

शनिवारी कपडेपटाच्या दारावर बदलांचा कागद लागला. त्यात आईच्या गाण्याच्या वेळचे कपडे खोडलेले होते, त्यावरून बाईंना कळलं. आणि त्याच दुपारी बहिणीचा फोन आला की पोरगा तयार झालाय, उद्या चारला येतोय, मोठ्या मुश्किलीनं कबूल केलंय.

टाचणीबाई दिग्दर्शकासमोर जाऊन उभ्या राहिल्या, हे दृश्य कंपनीत कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्यांना दोन वाक्यांपलीकडे जमलं नाही. उद्या एक दिवस ते गाणं ठेवा, पुढल्या खेपेला काढा, एवढंच. मुलाचं त्या बोलल्या नाहीत. दिग्दर्शक पोरगा वाईट नाही हो. त्यानं त्यांना खुर्ची दिली, गाणं सुंदरच आहे म्हणाला, आपल्यालाही वाईट वाटतंय म्हणाला, पण प्रकाशयोजना बदलून झाली, नटीला सांगून झालं, आणि एका दिवसासाठी पुन्हा सगळं फिरवलं तर व्यवस्थापक पडदाच पाडेल. गोड बोलणाऱ्या माणसापुढे भांडताही येत नाही. बाई उठून आल्या.

मग त्या माझ्याकडे आल्या. "तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगून बघा."

मी बघतो म्हणालो. गेलोही. दिग्दर्शकाच्या खोलीत पाव तास बसलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि परत आलो. गाणं ठेवा म्हणावं तर तो म्हणणार, काढा असं तुम्हीच सांगितलंत, आणि पातळ भिंतीपलीकडे बाई इस्त्री करत होत्या. बाहेर येऊन मी नुसती मान हलवली. त्या दिवशी मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी पुढे कधी वाटली नाही, आणि तरीही मी तोंडातून शब्द काढला नाही.

संध्याकाळभर बाई मुलाला फोन लावत राहिल्या, उद्या येऊ नकोस हे सांगायला. तो त्यांचा फोन उचलत नव्हताच. बहिणीला सांगावं तर बहीण उखडली. इतके महिने मी त्याच्या विनवण्या केल्या, आता तो येतो म्हणतोय तर तूच खोडा घालतेस, मी असलं काही कळवणार नाही. तिचंही चूक नव्हतं.

रविवारी सहाव्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर एक माणूस येऊन बसला. तिशीचा, केस बारीक कापलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. बाईंसारखीच हनुवटी, त्यामुळे विचारायला नको होतं. तो पहिल्या अंकात कासवाला हसला. अगदी मनापासून हसला. मी पेटीवरून विंगेत बघितलं तर बाई त्याच्या हसण्याकडे बघत होत्या आणि सावत्र आईचा झगा त्यांच्या हातात तसाच लोंबत होता.

चोराची गोष्ट आली. नटी विंगेत गेली, बाईंनी कान लावला. मी पेटीवरून पाहिलं, त्यांनी बटणं दोनदा दाबून बघितली. त्या क्षणी त्यांच्या मनात कान घट्ट शिवून टाकायचं आलं असेल का, असं मी नंतर पुष्कळदा मनाशी म्हटलंय. पण बाईंच्या हातून काम बिघडत नाही, हीच त्यांची आयुष्यभराची कमाई, आणि ती त्या दिवशी त्यांच्या अंगावर आली. नटी बाहेर गेली. पोरगा फासाखाली उभा, आई जवळ आली, टिच टिच झालं, लाल धागे लोंबले, लोकांनी श्वास रोखला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अंधार. पुढच्या गोष्टीचं संगीत मलाच सुरू करायचं होतं. मी केलं.

सहाव्या रांगेतला माणूस टाळ्या वाजवत नव्हता. पण उठूनही गेला नाही, शेवटपर्यंत बसला. प्रयोग संपल्यावर तो मागच्या दाराशी आला. बाई तिथे कपड्यांची पेटी भरत होत्या. मी दोन हातांच्या अंतरावर माझी बाजाची पेटी पुसत होतो, दहा मिनिटं तीच फळी.

तो म्हणाला, "मावशी म्हणाली, तू मुद्दाम बोलावलंयस. काय दाखवायचं होतं ते बघितलं मी."

बाईंनी टाचण्या थुंकल्याच जवळजवळ. म्हणाल्या, "पुढे गाणं होतं."

"कुठे होतं?"

"होतं. आज नव्हतं."

तो हसला, पण मघा कासवाला हसला तसा नाही. "एवढ्या लोकांत मला फाशी देऊन दाखवलीस. बरं केलंस." आणि गेला. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी बोललो तोवर तो कोपऱ्यावरून वळला होता, आणि मी जे बोललो ते बाईंनाच ऐकू आलं. गाणं मी काढायला सांगितलं, हेच. त्यांनी ऐकून घेतलं आणि खाली वाकून टाचण्या गोळा करायला लागल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

चार दिवसांनी बाईंच्या बहिणीकडून पत्ता काढून मी त्याच्या कामाच्या जागी गेलो. तो एका बेकरीत भट्टीवर होता. माझ्या फोनमध्ये तालमीच्या वेळी घेतलेलं गाणं होतं. ओळख सांगितली, हात जोडले आणि म्हटलं, साडेतीन मिनिटं दे. त्यानं हात पुसले, फोन कानाला लावला आणि पाव काढायच्या गोंगाटात भिंतीशी उभं राहून गाणं पूर्ण ऐकलं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यानं फोन परत दिला.

म्हणाला, "गाणं चांगलं आहे, काका. पण खोटं आहे."

मग त्यानं सांगितलं. तो सात वर्षांचा असताना वर्गातल्या मुलाची रंगपेटी घेऊन आला होता. पत्र्याची, झाकणावर त्या मुलाच्या बापानं मुलाचं नाव रंगवलेलं. आईनं ती बघितली, झाकणावरचं नाव वाचलं आणि काही न बोलता उरलेल्या कापडाची, तोंडाला नाडी असलेली पिशवी शिवून दिली. बरोब्बर त्या पेटीच्या मापाची, म्हणजे नाव दिसू नये. पिशवी फार सुंदर होती, तो म्हणाला. तो ती वर्षानुवर्षं वापरत होता.

"तिला ठाऊक होतं. मला पिशवीचा राग नाही, काका. मी पार्सलं फोडली ती मी फोडली, तिनं नाही. व्हरांड्यात बोललो ते रागात बोललो. पण तेव्हापासून मी वाट बघतोय की ती एकदा म्हणेल, हो, मी बघितलं होतं. ती कधी बोलतच नाही. आणि आता दुसऱ्या बाईकडून गाऊन घेते, मला कसं कळावं म्हणून." भट्टीवरून कुणीतरी त्याला हाक मारली. जाता जाता त्यानं स्वतःहून माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर घातला आणि म्हणाला, तिला बोलायचं असेल तर या फोनवरून करा, मी उचलीन.

पुढच्या महिन्यात आम्ही दुसऱ्या नाट्यगृहात गेलो. तिथे घड्याळाची भानगड नव्हती, म्हणून दिग्दर्शकानं गाणं परत घातलं, जसं काढलं तसंच, सहज. त्या पहिल्या प्रयोगाच्या मध्यंतरात मी बाईंच्या नव्या खोलीत गेलो आणि बेकरीतलं सगळं सांगितलं. महिनाभर सांगायची हिंमत झाली नव्हती. पिशवीपाशी आलो तेव्हा त्यांनी एकेक टाचणी ओठांतून काढली आणि मांडीवर ओळीनं ठेवली.

"तो पिशवीचं बोलला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"गर्द लाल होती. मला वाटलं, तो विसरला असेल." पुढे म्हणाल्या, "मास्तर, घरात तेव्हा त्याला द्यायला काही नव्हतं. त्या पेटीकडे बघून तो इतका हसत होता."

मी म्हटलं, हेच सांगा. अगदी हेच. मी नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. दुसऱ्या घंटेला त्यानं उचलला. हॅलो म्हणाला. बाईंचे ओठ हलले. आत काहीच नसताना त्यांनी ते टाचण्या धरल्यासारखे मिटले, पुन्हा उघडले. मी हातानं खुणा केल्या, बोला, बोला.

"जेवलास का?" बाई म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला.

आणि थांबला. मागे बेकरीचा आवाज येत होता, म्हणजे त्यानं फोन ठेवला नव्हता. तो थांबला होता. बाईही थांबल्या, दोन्ही हात मांडीवर, डोळे त्या फोनवर. मला त्यांच्या वतीनं बोलता येत नव्हतं. एवढा वेळ कुणी फोन धरून ठेवत नाही, इतका वेळ त्यानं धरला.

मग पलीकडून कट झाला. बाईंनी मांडीवरच्या टाचण्या पुन्हा तोंडात घेतल्या आणि साबणाची डबी उघडली.